मन वळवणारे भाषण प्रामाणिक राहून प्रभावी कसे करावे?

प्रश्न

पुढील महिन्यात मला सहकाऱ्यांसमोर रक्तदानाविषयी सात मिनिटे बोलायचे आहे. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी आजवर एकदाही रक्त दिलेले नाही. भाषण ऐकून त्यांतील काहींनी तरी नाव नोंदवावे, एवढाच हेतू आहे. मसुदा वाचून दाखवल्यावर एका अनुभवी स्नेह्यांनी सुचवले की, रक्त वेळेवर न मिळाल्याने दगावलेल्या मुलाची गोष्ट सांगावी आणि ती आपल्याच घरात घडली असे म्हणावे, म्हणजे श्रोते हेलावतील. गोष्ट खरी आहे, परंतु ती माझ्या परिचितांच्या कुटुंबातील आहे. हेतू चांगला असताना एवढा फरक केलेला चालतो का? आणि तो न केल्यास भाषण फिके पडू नये, यासाठी काय करावे?

प्रतिसाद १

माझ्या मते चालत नाही, आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी मी मित्राच्या वडिलांचे आजारपण माझ्या वडिलांचे म्हणून सांगितले. भाषण रंगले. ते संपल्यावर एक बाई जवळ आल्या; त्यांचे वडील त्याच आजाराने अंथरुणाला खिळले होते आणि त्यांनी हळू आवाजात विचारले, "तुमच्या वडिलांना रात्री झोप लागायची का?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्या माझ्याकडे आधार शोधत आल्या होत्या, आणि मी त्यांना दुसऱ्यांदा फसवले, याची खंत अजून गेलेली नाही.

वक्ता कोण आहे, श्रोत्यांच्या मनात काय जागे होते आणि युक्तिवाद किती पक्का आहे, या तीन गोष्टींनी मन वळते, असे अ‍ॅरिस्टॉटलने मांडले. आपले स्नेही दुसरी गोष्ट साधण्यासाठी पहिली पणाला लावायला सांगत आहेत. त्या कुटुंबाची परवानगी घ्या, "ही माझ्या परिचितांची हकीकत आहे" असे स्पष्ट सांगा आणि मुलाची ओळख पटेल असे तपशील गाळा. गोष्टीचे बळ त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

भीतीचा मात्र बेताने वापर करा. 1953 साली जॅनिस आणि फेशबॅक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या वेगवेगळ्या गटांना दातांच्या निगेविषयी कमी-अधिक भीतिदायक व्याख्याने ऐकवली, तेव्हा सर्वांत भीतिदायक व्याख्यान ऐकलेल्या गटाने सल्ला सर्वांत कमी पाळला. असे दर वेळी घडत नाही, हे पुढील संशोधनातून दिसले आहे. भीतीसोबत आपल्याला झेपेल असा उपाय हाती दिला, तर ती उपयोगी पडते. म्हणून मुलाच्या गोष्टीनंतर श्रोत्याला लगेच कळले पाहिजे की त्याने नेमके कुठे, कधी आणि किती वेळ यायचे आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. त्यात भर एवढीच की खरा आकडाही दिशाभूल करू शकतो. ब्रिटनमध्ये 1995 साली काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो, असा इशारा देण्यात आला. तो खोटा नव्हता. पण धोका साधारण 7000 स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर गेला होता, हे बहुतेकींपर्यंत पोहोचलेच नाही. अनेकींनी घाबरून गोळ्या थांबवल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपातांची संख्या वाढली. त्यामुळे "दुप्पट", "निम्मे" असे शब्द वापरताना मूळ संख्या शेजारी ठेवावी.

आपल्या विषयात तर आकड्यांचा गाजावाजा करण्याची गरजच नाही. प्लेटलेट साधारण 5 दिवस टिकतात आणि तांबड्या पेशी योग्य तापमानात 35 ते 42 दिवस; म्हणजे गेल्या वर्षीच्या शिबिरातील रक्त आज कोणाच्याही कामाचे नाही. रक्त पुन्हा पुन्हा का मागावे लागते, याचे याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

श्रोत्यांच्या मनातील हरकती मात्र टाळू नका. सुई टोचते, काहींना थोडी चक्कर येते, हे आपणच आधी सांगा, आणि मग भरपूर पाणी पिऊन येणे व नंतर थोडा वेळ बसून राहणे याचा कसा उपयोग होतो, तेही सांगा. विरुद्ध बाजू मांडून तिला उत्तर देणारे भाषण, ती बाजू लपवणाऱ्या भाषणापेक्षा साशंक श्रोत्यांना अधिक पटते. काहींना वैद्यकीय कारणांमुळे रक्त देताच येत नाही. म्हणून "कोण कोण देणार, हात वर करा" असे भर सभेत म्हणू नये. नकार देणाऱ्यावर कारण उघड करण्याची वेळ आणणे हा अन्याय आहे. नोंदवही दाराशी ठेवावी.

प्रतिसाद ३

सादरीकरणापुरते सांगते. भाषण पाठ करू नका. पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे आवाहन तेवढे तोंडपाठ ठेवा आणि मधल्या भागाचे मुद्दे एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा. घड्याळ लावून उभ्याने, मोठ्याने सराव करा. मनात वाचलेले भाषण नेहमी लवकर संपते. गोष्ट सांगून झाल्यावर दोन-तीन श्वास थांबा. ती शांतता श्रोत्यांची असते, ती भरून काढण्याची घाई करू नका.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा ऋणी आहे. काल त्या कुटुंबाशी बोललो. मुलाच्या आईने परवानगी दिली. रुग्णालयाचे नाव आणि मुलाचे वय तेवढे सांगू नये, अशी त्यांची इच्छा आहे. भाषणाचे पहिले वाक्य आता असे लिहिले आहे: "जी गोष्ट मी सांगणार आहे ती माझी नाही, पण जिची आहे त्या आईने ती तुम्हाला सांगण्याची परवानगी मला दिली आहे."