धाकट्या बहिणीला थीम पार्कमध्ये राइड ऑपरेटरची नोकरी लागली आहे, जाणकारांचा सल्ला हवा

कर्जतकर_मनाली

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण बी.कॉम. झाली आणि आमच्या इकडच्या एका मोठ्या थीम पार्कने तिला राइड ऑपरेटर म्हणून घेतलंय. पार्कचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सोमवारपासून ट्रेनिंग सुरू. आधी वर्गात, मग राइडवर सीनियरच्या हाताखाली, असं सांगितलंय.

पोरगी हुशार आहे, पण स्वभावाने मऊ. कुणाला तोंडावर 'नाही' म्हणणं तिला जमत नाही, आणि या कामात दिवसभर तेच करावं लागतं असं ऐकते. घरात सगळ्यांना वाटतंय की बटण दाबायचं तर काम आहे, त्यात काय एवढं! ट्रेनिंगमध्ये कशाकडे नीट लक्ष द्यावं, चिडलेल्या लोकांशी कसं बोलावं, मुलगी म्हणून काय काळजी घ्यावी, हे कुणी अनुभवी सांगेल का? सविस्तर लिहिलंत तर बरं, मी तिला सगळा धागा वाचायला देणार आहे.

झोका_उंच

मनालीताई, बहिणीचं मनापासून अभिनंदन. मी याच लाइनीत ऑपरेटर, मग सुपरवायझर झालो आणि सध्या नव्या पोरापोरींना राइडवर तयार करतो. बटण हे सगळ्यात शेवटचं आणि सोपं काम. ते दाबायच्या आधी तुम्ही काय काय पाहिलंत, त्यावर सगळं आहे.

गेट उघडण्याआधी मेंटेनन्सवाले राइड तपासतात, ती रिकामी फिरवून बघतात आणि चेकलिस्टवर सह्या होतात. ऑपरेटरचीही सही असते. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही, सीनियर 'कर गं, रोजचंच आहे' म्हणाला तरीही.

लोक बसले की लॅपबार (मांडीवर येणारा दांडा) किंवा खांद्यावरचा हार्नेस नुसता बघून भागत नाही. प्रत्येक बार हाताने वर ओढून बघायचा, बेल्ट खेचून बघायचा. आपली बाजू झाली की हात उंच करून अंगठा वर. कंट्रोल पॅनेलवरच्याने सगळ्यांचे इशारे बघितल्याशिवाय गाडी सोडायची नाही. रांगेतून कितीही शिट्ट्या वाजू देत, हा क्रम मोडत नाही. इमर्जन्सी स्टॉप कुठे कुठे आहेत हे पहिल्याच दिवशी पाठ करायचं आणि शंका आली की दाबायचा. विनाकारण दाबला गेला तर लोक थोडे खोळंबतील, इतकंच. जो सुपरवायझर यावरून झापतो तो चुकीचा सुपरवायझर, हे मी स्पष्ट लिहितोय.

आता 'नाही' म्हणण्याचं. बहुतेक वाद उंचीच्या पट्टीपाशी होतात. बूट घालून, टाचा टेकवून, नजर समोर. डोक्यावरचा अंबाडा मोजत नाहीत, चवड्यांवर उभं राहिलेलं चालत नाही. मोजमाप रांगेच्या तोंडाशीच करायचं, कारण तासभर उभं राहून वर आलेल्या लेकराला परत पाठवणं फार वाईट. तरी राइडवर चढायच्या जागी पुन्हा मोजायचं, कारण मधून घुसणारे असतात.

बाप म्हणतो, "अहो, दोन बोटांनी काय होतंय? माझ्या जबाबदारीवर बसवतो." इथे 'कंपनीचा नियम आहे' एवढंच म्हटलं की माणूस आणखी पेटतो. कारण सांगायचं: "साहेब, हा बार एवढ्या उंचीच्या अंगासाठी बनवलाय. हिच्या मांडीवर तो टेकत नाही, मध्ये फट राहते. झटका बसला की ती त्या फटीतून सरकेल." आवाज शांत, पण घासाघीस नाही. लगेच पोरीजवळ उकिडवं बसून तिच्याशी बोलायचं: "तुझ्या उंचीची बोट तिकडे आहे, चल, रस्ता दाखवते." रडू यायच्या आत हे झालं की बापही निम्मा निवतो. काही पार्कांत आईबाप आळीपाळीने राइडवर बसतात, एक जण मुलापाशी थांबतो, दुसऱ्याला परत रांग लावावी लागत नाही. तशी सोय असेल तर आपण होऊन सांगायची.

"मागच्या रविवारी तुमच्याच माणसाने सोडलं होतं," हेही ऐकावं लागेल. खरं असेलही. तेवढं सुपरवायझरच्या कानावर घालायचं, पण पट्टी तीच.

आणि एक गोष्ट जिवाची आहे. पाहुण्याची टोपी, चष्मा, मोबाइल ट्रॅकखाली पडला तर कुंपणाच्या आत पाय टाकायचा नाही. राइड अधिकृतपणे बंद होऊन लॉक झाल्याशिवाय कुणीच नाही. अमेरिकेत ओहायोच्या सीडर पॉइंट पार्कात २०१५मध्ये फोन शोधायला कुंपण ओलांडून गेलेला एक पाहुणा रोलर कोस्टरच्या धडकेने जागीच गेला. लोक गयावया करतात, पैसे देऊ करतात. वस्तू संध्याकाळी मिळेल, पावती घ्या, विषय संपला.

नाखवा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. गो-कार्टवर (छोट्या उघड्या रेसगाड्या) ड्यूटी लागली तर ओढणी, स्टोल आणि मोकळे केस यांच्याबाबतीत अजिबात दयामाया नको. ओढणी काढून लॉकरमध्ये, केस बांधून हेल्मेटच्या आत. २०१८मध्ये हरियाणात पिंजोरला आणि २०२०मध्ये हैदराबादजवळ गो-कार्टच्या चाकात केस अडकून दोन तरुण मुलींचा जीव गेला. बायका बायकांचं जास्त ऐकतात, त्यामुळे तुमच्या बहिणीने सांगितलेलं लागू पडेल.

ऑरलँडोवासी

मी डिस्नेत काम केलंय, म्हणून तिकडचं थोडं लिहितो. अनाहाइमचं डिस्नेलँड १९५५मध्ये उघडलं, तेव्हापासून व्हॅन फ्रान्स यांनी कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगची घडी बसवली. आजही नव्या माणसाला आधी क्रम शिकवतात: सुरक्षितता, सौजन्य, सर्वसमावेशकता, शो, कार्यक्षमता. समावेशकतेची भर नंतर पडली, पण सुरक्षिततेची पहिली जागा हलली नाही. हा क्रम रोज वापरायचा असतो. तुम्ही कुणाला हसतमुखाने रस्ता सांगताय आणि शेजारी पोरगं रेलिंगवर चढतंय, तर वाक्य अर्धं सोडून आधी पोरगं.

रस्ता दाखवताना एक बोट रोखत नाहीत, दोन बोटं जोडून किंवा पूर्ण पंजाने दाखवतात. आपण 'या, बसा' म्हणताना हात करतो तसाच.

तिथला एक प्रश्न फार प्रसिद्ध आहे: "तीन वाजताची परेड किती वाजता असते?" नवखा माणूस हसतो. पण विचारणाऱ्याला हवं असतं ते असं, की परेड या कोपऱ्यावर कधी पोचेल आणि लेकरांना घेऊन उभं कुठे राहू? तेच उत्तर द्यायचं. बहिणीलाही दिवसभर "पार्क कधी बंद होतं?" विचारतील. वेळ तर सांगायचीच, शिवाय शेवटची रांग कधी थांबवतात आणि बस कुठून सुटते तेही.

कर्जतकर_मनाली

झोकादादा, इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. ते 'मध्ये फट राहते' वालं वाक्य तिने वहीत उतरवून घेतलं. पण कुणी अंगावरच धावून आलं तर? किंवा मुद्दाम तिचा व्हिडिओ काढायला लागलं तर?

स्मिता_पाहुणचार

मनाली, मी गेस्ट रिलेशन्सला, म्हणजे पाहुण्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या विभागात आहे. चिडलेली माणसं शेवटी आमच्याकडेच येतात. बहुतेकांचा राग राइडवर नसतोच. ऊन, भूक, तिकिटाला मोजलेले पैसे आणि कडेवर झोपलेलं मूल, एवढं सगळं साचलेलं असतं. म्हणून आधी पूर्ण बोलू द्यायचं. मध्ये तोडायचं नाही. मग "काकू, तासभर उन्हात उभं राहून राइड बंद पडली, राग येणारच" असं त्यांचंच म्हणणं त्यांना परत सांगायचं, आणि त्यानंतर काय करता येईल ते. 'दोन मिनिटांत सुरू होईल' असं कधीही म्हणायचं नाही. माहीत नसेल तर 'तपासणी चालू आहे, कळलं की मीच येऊन सांगते' म्हणायचं, आणि खरंच जाऊन सांगायचं.

शिवीगाळ, अंगाला हात, दारू पिऊन आलेला माणूस, हे तिने एकटीने निस्तरायचं नाही. दोन पावलं मागे, वायरलेसवर सुपरवायझर आणि सिक्युरिटी. व्हिडिओ काढणाऱ्याशी झटापट नको, फोनला हात नको. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "सर, माझं शूटिंग करू नका" म्हणायचं, जोडीदाराला जागेवर उभं करायचं आणि रिपोर्ट लिहून द्यायचा. तो रिपोर्ट लेखीच हवा. नंबर किंवा इन्स्टाग्राम मागणारेही भेटतील, तिथे हसून विषय टाळत बसू नये, सरळ नकार.

हरवलेलं मूल सापडलं तर त्याला घेऊन गर्दीत फिरायचं नाही. जागच्या जागी थांबायचं, कंट्रोल रूमला कपडे आणि चपलांचा रंग कळवायचा. मुलाचं नाव स्पीकरवरून पुकारू देऊ नये, कारण नाव ऐकून कुणीही 'माझंच' म्हणत येईल. मूल न्यायला आलेल्याने नाव आपण होऊन सांगितलं पाहिजे, आणि मुलानेही त्याला ओळखलं पाहिजे.

डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात. तेव्हा चाळीस पोरांवर ओरडण्यापेक्षा बाईंना किंवा सरांना गाठायचं. नियम त्यांना सांगितले की वर्ग त्यांचा तेच सांभाळतात.

पाणबुड्या

वॉटर पार्कलाही आळीपाळीने ड्यूटी लागणार असेल तर थोडं माझंही ऐका. लाइफगार्डचं काम वेगळं, त्याचं प्रशिक्षण वेगळं. ते नसताना 'आज जरा तिथे उभी राहा' म्हटलं तर तिने नकार द्यावा. चांगल्या ट्रेनिंगमध्ये १०/२० शिकवतात: आपला भाग १० सेकंदांत नजरेखालून घालायचा आणि बुडणाऱ्यापाशी २० सेकंदांत पोचायचं. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. डोकं मागे जातं, तोंड पाण्याच्या रेषेत येतं, हात नुसते पाणी दाबतात. हे काठावरच्या प्रत्येकाला माहीत हवं. तिला पुढे या बाजूला जायचं असेल तर राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी पुण्यातच आहे.

हिशोबनीस

कागदांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. सोमवारी जॉइन होण्याआधी नेमणूकपत्र हातात घ्या. नेमणूक पार्कची की ठेकेदाराची, हे त्यात बघा. ट्रेनिंगच्या दिवसांचा पगार, पीएफ, आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय (कामगार विमा), हे विचारून घ्या. ओव्हरटाइम दुप्पट दराने असतो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्या सदस्यांची यादी बोर्डावर लागलेली असते, पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवावा.

कर्जतकर_मनाली

पत्र अजून ईमेलवरच आहे, उद्याच मागते. शेवटची शिफ्ट सुटल्यावर बस खोपोलीपर्यंतच आहे म्हणे, पुढे कर्जतला काय करतात?

झोका_उंच

उशिरा सुटलं तर खोपोलीहून कर्जतची लोकल मिळेलच असं नाही, फेऱ्या कमी आहेत. ट्रेनिंगमध्येच कर्जत-नेरळची मुलं शोधून गट करायला सांगा, बहुतेक पार्कांत असे गट आधीच असतात. एचआरला लेखी विचारा की उशिराच्या शिफ्टला मुलींना घरापर्यंत गाडी आहे का. नसेल तर सुरुवातीला सकाळची शिफ्ट मागून घ्या.