पोलंडच्या कॉन्सुलेटला कोल्हापुरात कार्यक्रमाला बोलवायचंय, कुणी केलंय का असं?

रंकाळ्याचा_वारा
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजात (नाव नको, कोल्हापुरातलंच आहे) इतिहास विभाग आणि एनएसएस मिळून वळिवडे कॅम्पवर (दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे निर्वासित राहिले तो, कोल्हापूरजवळचा) एक दिवसाचा कार्यक्रम करायचं चाललंय. २०२४ च्या ऑगस्टात पंतप्रधान वॉर्साला गेले, तिथल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहिली, तेव्हापासून पोरांना एकदम कळलंय की आपलं आणि पोलंडचं काहीतरी आहे, नाहीतर महावीर गार्डनमधल्या पोलिश स्तंभापुढं सेल्फी काढणाऱ्याला विचारा हे काय आहे, निम्म्यांना माहीत नसतं. तर सरांचं म्हणणं की मुंबईच्या कॉन्सुलेटमधून कॉन्सुल जनरलना बोलवू, हॉल भरेल. आता ते काम माझ्या गळ्यात पडलंय. पत्र कुणाला लिहायचं, ते येतात का, खर्च कुणाचा, परवानग्या काय? आणि दिल्लीच्या एम्बसीला लिहायचं की मुंबईला? एक मित्र म्हणतो आधी आमदारांना गाठ, बाकी सगळं आपोआप होतं.

दसरा_चौक_६२
मुंबईलाच लिहा. दिल्लीला राजदूत, सरकार-सरकारची कामं. मुंबईला कॉन्सुलेट, महाराष्ट्र त्यांच्याकडं येतो. व्हिसा, त्यांच्या नागरिकांची अडलीनडली कामं, व्यापार आणि हे संस्कृतीचं खातं, सगळं तिथंच.

पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीनं, इंग्रजीत, एका पानात. पहिल्या परिच्छेदात कार्यक्रम कशाचा आणि श्रोते कोण ते आलं पाहिजे, आपल्याकडं पहिलं पान संस्थेच्या स्थापनेपासूनच्या इतिहासातच संपतं. तारखा दोन-तीन द्या, त्यात ३ मे आणि ११ नोव्हेंबर नको. पहिला त्यांचा संविधान दिन, दुसरा स्वातंत्र्य दिन, त्या सुमाराला त्यांचे स्वतःचे कार्यक्रम असतात. दोन-तीन महिने आधी लिहा. प्रवास-मुक्काम कोण करणार हे पत्रातच स्पष्ट विचारा, लाजायचं कारण नाही. येणार म्हटल्यावर कलेक्टर ऑफिसला आणि पोलिसांना लेखी कळवा, आदल्या दिवशी नव्हे. आमदारांना जरूर बोलवा पण गाठायची गरज नाही, एकदा गाठलं की कार्यक्रम तुमचा राहत नाही.

करवीर_कागदपत्रं
बॅनर छापायच्या आधी एक विनंती, फार पोटतिडकीनं सांगतोय. "राजर्षी शाहू महाराजांनी पोलंडच्या निर्वासितांना आसरा दिला" असलं काही लिहू नका. व्हॉट्सॲपवर हेच फिरतंय. शाहू महाराज गेले १९२२ ला, कॅम्प सुरू झाला १९४३ ला. राजाराम महाराजही १९४० ला गेले होते, त्यानंतर गादीवर लहान बाळ आणि कारभार रीजन्सीकडं, म्हणजे राजा लहान म्हणून त्याच्या नावानं राज्य बघणाऱ्यांकडं. जागा कोल्हापूर संस्थानची, परवानगी ब्रिटिश सरकारची आणि पैसा मुख्यतः लंडनमध्ये बसलेल्या पोलंडच्या निर्वासित सरकारचा, असा तो तिहेरी मामला होता.

दुसरा घोळ जामसाहेबांचा. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचा कॅम्प जामनगरजवळ बालाचडीला, तिथं मुख्यतः मुलं, हजाराच्या आसपास, १९४२ पासून. वळिवडे वेगळं, इथं जवळजवळ पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. स्टालिनच्या पोलिसांनी १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात टाकलेली, मग जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर सुटका, मग इराण आणि तिथून आपल्याकडं. कौलारू बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, स्काऊट, सगळं गावच उभं केलेलं. आणि युद्ध संपलं तरी बहुतेकांना घरी जाता आलं नाही कारण घर होतं तो भागच सोव्हिएतकडं गेलेला. १९४८ पर्यंत कॅम्प रिकामा, माणसं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कुठं कुठं गेली. ही शेवटची गोष्ट भाषणात कुणी सांगत नाही, सगळे "अतिथी देवो भव" वर थांबतात.

गांधीनगरचा_पोरगा
मी तिथलाच, वळिवडे कॅम्पाच्या जागी आता आमचं गांधीनगर आहे. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकीत फाळणीत आलेले सिंधी लोक राहिले, माझे आजोबा त्यातलेच. आता सगळीकडं कापडाची होलसेल दुकानं आहेत, लोक लग्नाचा बस्ता बांधायला येतात आणि जातात, खाली कॅम्प होता हे कुणाच्या गावी नसतं.

मागं एका संस्थेनं (नाव घेत नाही) असाच कार्यक्रम केलेला, त्याला आम्ही गेलो होतो. पाहुण्यांमध्ये लहानपणी कॅम्पात राहिलेल्या एक आजी होत्या. आधी फेटे, मग शाल-श्रीफळ, मग स्टेजवरच्या प्रत्येकाचा सत्कार, मग ज्यानं सत्कार केला त्याचा सत्कार. त्या आजी पर्समधून घडी घातलेला कागद काढायच्या आणि परत आत ठेवायच्या. शेवटी जिन्यात माझ्या वडिलांनी विचारलं तर तो हातानं काढलेला कॅम्पचा नकाशा होता, ब्लॉक नंबरसकट, आणि त्यांना फक्त एवढंच बघायचं होतं की त्यांची बराक कुठं होती. तोवर गाडी लागलेली, फ्लाइटची वेळ झालेली. वडिलांनी त्या नकाशाचा मोबाईलवर फोटो घेतला, तेवढंच. माझं म्हणणं इतकंच की हॉलमध्ये एक तास करा आणि उरलेला वेळ वळिवड्याला चला, आमच्याकडचे दोन-चार म्हातारे अजून बोलतात.

बीकेसी_ते_बिंदू_चौक
भावा वरच्या पोस्टला शंभर टक्के 🙏

मी मुंबईत असतो, बऱ्याच कॉन्सुलेटच्या कार्यक्रमांना जातो (फुकट खाणं हे एक कारण आहे, खोटं कशाला बोलू). हे लोक हे का करतात ते समजून घ्या म्हणजे पत्र लिहायला सोपं जाईल. त्यांना आपल्या देशाचं नाव इथल्या माणसाच्या तोंडी आणायचं असतं, विद्यार्थी हवे असतात, धंदा हवा असतो. अमेरिकेवाल्यांचं बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये दोस्ती हाऊस आहे, वाचनालय, गप्पा, शिक्षणाचं मार्गदर्शन. जर्मनांचं काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन. पोलंडकडं एवढा पसारा नाही, पण कुणाकडं नाही अशी गोष्ट आहे, आणि ती आपल्या गावात घडलेली. म्हणजे गरज दोन्हीकडची आहे, उगाच मिंधेपणानं लिहू नका.

माझा सल्ला, पाहुणा मागू नका, साहित्य मागा. कॉन्सुल येतील, बोलतील, जातील. त्यापेक्षा विचारा की कॅम्पचे फोटो, प्रदर्शनाचे पॅनेल, त्या लोकांच्या आठवणी स्कॅन करून मिळतील का, कॉलेजात कायमच्या लावू म्हणून. आणि मोदींनी त्याच दौऱ्यात जामसाहेबांच्या नावानं युवा देवाणघेवाण जाहीर केलीय, दरवर्षी २० पोलिश तरुण भारतात यायचे, त्यांना एक दिवस वळिवड्याला आणता येईल का हे विचारा. असलं ठोस काही विचारलं की उत्तर येतं, "आपली उपस्थिती प्रार्थनीय" ला येत नाही.

आणि पोरांना बजावून ठेवा, प्रश्नोत्तरात "सर माझा व्हिसा रिजेक्ट झाला" चालू करायचं नाही. एक सुरू झाला की रांग लागते. शिकायला जायचंच असेल तर विद्यापीठांच्या आणि नावा या त्यांच्या सरकारी शिष्यवृत्ती संस्थेच्या वेबसाइटवर जा, राजारामपुरीतल्या एजंटांच्या बोर्डावर जाऊ नका.

फ्लेक्सवाला_मर्दा
मी छपाईतला माणूस, म्हणून एकच. पोलंडचा झेंडा वर पांढरा खाली लाल. उलटा छापला की इंडोनेशिया नाहीतर मोनॅको होतो, आणि आमच्या लाइनीत रात्री अकराला कोण तपासत नाही, सकाळी थेट चौकात दिसतंय. फाइल पाठवताना वर बाण काढून पाठवा. दोन्ही झेंडे एकाच मापाचे, एकाच उंचीवर, आणि प्रेक्षकातनं बघताना तिरंगा डाव्या हाताला. स्टेजवरून बघून लावलासा तर उलटं होतंय. खुर्चीत बसून बघा, मग खिळा मारा.

रंकाळ्याचा_वारा
लई आभार सगळ्यांचे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सरांना हे सगळं वाचून दाखवलं, शाहू महाराजांचं वाक्य आमच्या बॅनरच्या मजकुरात होतंच 😅 ते काढलं. वळिवड्याला बस न्यायचं सर मान्य करतायत पण सत्कार पूर्ण रद्द करायला तयार नाहीत, म्हणतात संस्थेचे अध्यक्ष नाराज होतील. फेटा एकच, पाहुण्यांना, इथपर्यंत आणलंय. @गांधीनगरचा_पोरगा, तुमच्या वडिलांकडचा तो नकाशाचा फोटो अजून आहे का? पत्रासोबत जोडला तर?

गांधीनगरचा_पोरगा
जुन्या फोनमध्ये असेल, चार्जर शोधायला लागेल. पण जोडायच्या आधी त्या आजींच्या घरच्यांना विचारायला पाहिजे, त्यांचा कागद आहे. पत्ता कॉन्सुलेटकडंच मिळेल बहुतेक, पत्रात तेच विचारा की.

दसरा_चौक_६२
हे बरोबर. पत्राचा पहिला परिच्छेदच हा करा. आणि मसुदा झाला की इथं टाका, इंग्रजी मी बघतो.