नवा अल्बम नाही, तरी गर्दी होते: ऐंशीच्या दशकातल्या गॉथ रॉकवरचं प्रेम की नुसती सवय?

निशाचर लीड्सकर (धागाकर्ता)

गॉथ रॉक म्हणजे पंकच्या पाठोपाठ ब्रिटनमध्ये निघालेला काळोख्या सुरांचा रॉक. सिस्टर्स ऑफ मर्सी हा त्यातला, आमच्या इंग्लंडमधल्या लीड्सचा बँड. १९८० साली सुरू झाला, १९८५, १९८७ आणि १९९० मध्ये एकेक अल्बम काढला आणि मग स्टुडिओचं दार बंद. रेकॉर्ड कंपनीशी भांडण झालं, गायक अँड्र्यू एल्ड्रिच संपावर गेला (कंपनीसाठी रेकॉर्डिंग बंद), १९९७ मध्ये करारातून सुटला आणि सुटल्यावरही नवा अल्बम काही आला नाही. तरी बँड युरोपभर दौरे करतो आणि लोक तिकिटं काढून जातात. मीही जातो. यावर हमखास ऐकावं लागतं, की तुम्ही गॉथवाले म्हणजे तरुणपणात अडकून पडलेली माणसं.

मला हे पटत नाही. १९८७ साली मी सांगलीत पाढे पाठ करत होतो. जिथे मी नव्हतोच तिथली आठवण मला कुठून येणार?

माझं म्हणणं असं, की हा संगीतप्रकार बँडांचा कधी नव्हताच, श्रोत्यांचा होता. एल्ड्रिचला गॉथ म्हटलं की तो चिडतो. द क्युअर बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ वर्षानुवर्षं 'आम्ही गॉथ नाही' सांगतोय. सूझी अँड द बॅनशीजची गायिका सूझी सू हिलाही हा शिक्का नको होता. ज्यांना आपण या घराण्याचे मूळपुरुष मानतो ते सगळे हात झटकून मोकळे! मग घराणं चालवलं कुणी? क्लबात रेकॉर्ड लावणाऱ्यांनी, झेरॉक्स काढून मासिकं वाटणाऱ्यांनी, केस विस्कटून रात्रीच्या बसने दुसऱ्या गावी जाणाऱ्यांनी. बाउहाउस हा नॉर्दॅम्प्टनचा बँड १९८३ मध्ये फुटला. त्याची, सिनेमात ड्रॅक्युला झालेल्या नटावरची साडेनऊ मिनिटांची पहिली रेकॉर्ड (१९७९) मात्र आजही गॉथ नाइटला लागते आणि फ्लोअर भरतो. मालक बदलले तरी दुकान चालू राहतं, इथे तर मालकांनी दुकान आपलं नाहीच म्हणून सांगितलंय.

बोला आता.

वाकडेवाडीचा विदूषक

धागाकर्त्याशी साफ असहमत. श्रोत्यांचं आहे म्हणता, मग पैसे बँडला का देता?

मी सिस्टर्सना जर्मनीत ऐकलंय. ऐकलंय म्हणतो, कारण पाहिलं असं म्हणता येणार नाही, स्टेजवर इतका धूर होता की आत माणूस आहे की फक्त टोपी हे कळायला मार्ग नव्हता. ड्रमर नाहीच, 'डॉक्टर अ‍ॅव्हलांश' नावाचं यंत्र आहे. गायकाचा आवाज धुराच्याही मागे. आणि माझ्या आजूबाजूचे लोक डोळे मिटून तल्लीन! ते समोरचं ऐकतच नव्हते. सतराव्या वर्षी वॉकमनवर ऐकलेलं त्यांच्या डोक्यात वाजत होतं. जन्म कधीचा याला अर्थ नाही, नॉस्टॅल्जिया उसनाही घेता येतो. सांगलीकरांनी तो लीड्समध्ये घेतलाय, एवढंच.

कलाकाराला काहीही मागायचं नाही, नवं द्या म्हणायचं नाही, आहे तेच गोड मानायचं. ही सवय झाली. प्रेमात माणूस थोडं तरी भांडतो.

बेसवाला बंड्या

दोघेही लोकांबद्दल बोलताय, वाजतं काय ते कुणीच सांगेना. चार ओळी माझ्याही. (चारपेक्षा जास्त होणार, आधीच सांगतो.)

ऐंशीतलं पॉप आज कानाला जुनं लागतं, कारण त्याला 'आजचं' दिसायचं होतं. नवे सिंथसायझर, चकाचक ड्रम, पुढच्या वर्षी ते शिळे. गॉथवाल्यांनी मुळात रॉकची माणसंच जागा बदलून बसवली. गिटार मागे गेली, तिने सोलो सोडला आणि कोरस-फ्लँजर (आवाज पसरट, लहरता करणारी उपकरणं) लावून धुकं पसरवायचं काम घेतलं. चाल बेसकडे आली. जॉय डिव्हिजन बँडचा पीटर हुक बेस वरच्या पट्टीत वाजवायचा, त्याचं कारण त्यानेच सांगितलंय: अँप भिकार होता, खालचे सूर गिटारच्या आवाजात त्याला स्वतःलाच ऐकू येत नव्हते. त्या अडचणीतून एक अख्खी शैली निघाली आणि पुढे सगळ्यांनी उचलली. ड्रममध्ये झांजांचा खणखणाट कमी, टॉमचा (खोल आवाजाच्या ड्रमचा) घुमारा जास्त. सूझीच्या बँडमधला बजी ऐका, १९८१च्या 'जुजू' अल्बममध्ये. त्याच अल्बममध्ये जॉन मॅकगिओकने जी गिटार वाजवलीय ती अजून कुणाला नीट उचलता आलेली नाही. मी बरीच वर्षं प्रयत्न करतोय, शेजारी साक्षीला आहेत.

आणि बाउहाउसच्या त्या साडेनऊ मिनिटांत भुताटकीपेक्षा जमैकन डब (रेगेचाच एक प्रकार) जास्त आहे. मोकळी जागा, पडसाद, मागे सरकत जाणारा ड्रम. हे लोक रेगे-डब ऐकूनच वाढले होते. त्यामुळे 'गोऱ्या पोरांचं रडगाणं' म्हणणाऱ्यांनी आधी बेस ऐकावा.

यंत्राबद्दल: सिस्टर्सच्या पहिल्या रेकॉर्डवर ड्रम खुद्द एल्ड्रिचने वाजवलेत. ते ऐकलं की यंत्र का आणलं हे सांगावं लागत नाही. पण यंत्राचा फायदा असा झाला, की ठेका नाचायला पक्का बसला. हे संगीत रेडिओने जगवलेलं नाही, नाचाच्या फ्लोअरने जगवलंय. लोकांना वाटतं गॉथ म्हणजे कोपऱ्यात बसून रडणं. अहो, हे नाचायचं संगीत आहे!

तिसरी घंटा

बंड्याभाऊ, दंडवत. बेस काय असतो ते या वयात कळलं.

मला या बँडांतलं फारसं कळत नाही, मुलाच्या खोलीतून भिंतीपलीकडून ऐकलंय तेवढंच. पण विदूषकरावांचा तो तल्लीन लोकांवरचा टोमणा वाचून बालगंधर्व आठवले. उतारवयात आवाज आणि शरीर साथ देईना, तरी माणसं गाण्याला जातच होती. त्यांना कुणी सवयीचे गुलाम म्हटलं नाही, रसिक म्हटलं.

वाकडेवाडीचा विदूषक

घंटाकाका, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. ते रसिकही मनातला जुना आवाजच ऐकत होते. फरक एवढाच, की नारायणरावांनी ऐन भरात कामात कसर केली नव्हती. एल्ड्रिच तिशी लागता लागता थांबला.

निशाचर लीड्सकर

थांबला म्हणजे अल्बम काढायचा थांबला. अलीकडच्या दौऱ्यांत तो बरीच नवी गाणी म्हणतोय, जी कुठल्याही रेकॉर्डवर नाहीत. लोक ती फोनवर टिपतात, यूट्यूबवर चढवतात, शब्द लावत बसतात, कोणत्या गावचं रेकॉर्डिंग बरं यावर भांडतात. बँडने न काढलेला अल्बम श्रोत्यांनी जमवलाय. माझा मुद्दा याहून सोपा करून सांगता येणार नाही.

ठाकुर्ली लोकल

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एक बाळबोध शंका: बाहेर पारा पस्तिशीत असताना अंगभर काळे कपडे घालून लीड्सच्या धुक्याचे गोडवे आपण का गायचे? आपलं त्याच्याशी नातं काय?

बेसवाला बंड्या

'ड्रॅक्युला' लिहिणारा ब्रॅम स्टोकर तरी ड्रॅक्युलाच्या ट्रान्सिल्व्हेनियाला कुठे गेला होता? वाचनालयात बसून लिहिलंन.

पमी, मुक्काम लायप्झिग

इथे राहते म्हणून लिहितेय. वेव्ह-गोटिक-ट्रेफेन हा गॉथ लोकांचा महोत्सव १९९२ पासून आमच्या गावात पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत भरतो, साधारण २० हजार माणसं येतात. महोत्सवाच्या तिकिटावर ट्रॅम फुकट, त्यामुळे चार दिवस ट्रॅममध्ये एका बाजूला बाजारहाट करून आलेली आजी आणि दुसऱ्या बाजूला दाराच्या चौकटीत न मावणारा झगा. पहिल्या वर्षी मी टक लावून पाहत होते. आजीने ढुंकूनही पाहिलं नाही.

महोत्सव हॅम्बर्ग-म्युनिकमध्ये न भरता इथे का भरतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. बर्लिनची भिंत होती तेव्हा आमचं गाव पूर्व जर्मनीत होतं. तिथल्या काळ्या कपड्यांतल्या पोरांना 'ग्रुफ्टी' म्हणत. स्टाझीने, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांनी, तरुणांच्या गटांची वर्गवारी केली होती, पंक, स्किनहेड, हेवी मेटलवाले, त्यात या ग्रुफ्टींचाही रकाना होता. रेकॉर्ड दुकानात मिळत नसत. पश्चिमेच्या रेडिओवरून टेप करून घ्यायचे आणि टेपवरून टेप. कपडे घरी शिवलेले, केस साबणाने उभे केलेले. क्युअर ऐकणं हा तिथे पोलिसांच्या नजरेत येण्याचा मार्ग होता. अशा माणसाला तुम्ही सांगणार, की तुझं प्रेम म्हणजे सवय?

आणखी एक. २००० साली महोत्सव सुरू असतानाच आयोजकांचं दिवाळं निघालं. व्यवस्थेची माणसं निघून गेली, बरेच कार्यक्रम रद्द झाले. हजारो लोक गावात अडकलेले. दंगल झाली असती. त्याऐवजी आलेल्या लोकांनीच हात लावला, काही बँडांनी तरीही वाजवलं आणि पुढच्या वर्षी महोत्सव पुन्हा भरला. निशाचरांच्या बाजूने माझं मत या एका कारणासाठी.

आता तिथे बाबागाड्याही येतात. काळ्या.

काजळवाली

मी मँचेस्टरजवळ असते. विदूषक धुरावर आणि टोपीवर विनोद करताहेत, करू देत, पण कपडे हा इथे नुसता हौसेचा भाग नाही. ऑगस्ट २००७ मध्ये लँकेशरमधल्या बेकपच्या बागेत सोफी लँकेस्टर या २० वर्षांच्या मुलीला आणि तिच्या मित्राला पोरांच्या टोळक्याने मारलं. कारण एकच, ते वेगळे दिसत होते. मित्र वाचला, सोफी गेली. तिच्या आईने पुढे शाळाशाळांतून काम उभं केलं आणि २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा हल्ल्यांची द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंद करायला सुरुवात केली. तेव्हापासून एखादी पन्नाशीची बाई काळी लिपस्टिक लावून सुपरमार्केटात दिसली की मला हसू येत नाही.

म्हणून व्हिटबी या इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावाचा मला राग येतो. ड्रॅक्युलाचं जहाज कादंबरीत तिथे लागतं, १९९४ पासून गॉथ वीकेंड भरतो, सुरुवात संगीताची होती. आता अर्धे लोक भाड्याचा वेश करून फोटो काढून घ्यायला येतात आणि चर्चच्या दफनभूमीत खऱ्या माणसांच्या थडग्यांवर पोझ देतात. बेस कशाशी खातात हे त्यांना माहीत नसतं.

मनीमाऊ

काजळताई, मान्य, पण 'खरा गॉथ कोण' ही परीक्षा सुरू झाली की माझ्यासारख्यांची वाट लागते. मी २००३ची. २०२२ मध्ये एका अमेरिकन मालिकेच्या हंगामाच्या शेवटी सूझीचं १९८१चं गाणं लागलं, तिथून मी आत आले. काकालोक म्हणतात टिकटॉकची पोरं. काका, तुम्ही तरी कुठून आलात? कुणाच्या तरी थोरल्या भावाच्या कॅसेटवरूनच ना?

आणि नवं काही होत नाही हे कोण म्हणालं? क्युअरचा नवा अल्बम १६ वर्षांनी आला, १ नोव्हेंबर २०२४ ला, आणि ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला. १९९२ नंतर पहिल्यांदा. पहिल्या गाण्यात तीन मिनिटं होऊन गेली तरी आवाज येत नाही, फक्त वाद्यं. रील्स बघणाऱ्या आमच्या पिढीने ती तीन मिनिटं ऐकलीत, कृपया नोंद घ्यावी.

वाकडेवाडीचा विदूषक

मनीमाऊ, तू माझं काम केलंस. स्मिथ पासष्टीचा. आईवडील गेले, भाऊ गेला, त्यावर त्याने गाणी केली. पोरवयातला काळोख काढून पुन्हा विकला नाही, म्हातारपणाचा नवा काळोख आणला. २०२३च्या अमेरिका दौऱ्यात २० डॉलरच्या तिकिटावर त्याहून जास्त शुल्क लागतंय म्हटल्यावर तो तिकीट कंपनीशी जाहीर भांडला आणि लोकांना ५ नि १० डॉलर परत मिळवून दिले. रक्कम किरकोळ, पण श्रोत्यासाठी भांडणारा गायक मला दाखवा. प्रेम टिकायला असं काहीतरी समोरून यावं लागतं. पमी आणि काजळवालींनी सांगितलं ते माणसांचं एकमेकांवरचं प्रेम आहे, त्याबद्दल माझा वादच नाही. माझा वाद त्या टोपीवाल्याशी आहे.

निशाचर लीड्सकर

एकमेकांवरचं आणि संगीतावरचं प्रेम वेगळं काढता कसं? ती माणसं भेटली त्या ठेक्यावरच. शिवाय स्मिथनेही १६ वर्षं ताटकळत ठेवलं होतं, तेव्हाही हेच लोक थांबले होते. मधली वर्षं सवय आणि अल्बम आल्यावर प्रेम, असा हिशेब होत नाही.

एक सांगा, एवढा राग आहे तर त्या बँडचं काही ऐकता का अजून?

वाकडेवाडीचा विदूषक

१९८७चा 'फ्लडलँड', दर पावसाळ्यात, मोठ्या आवाजात. म्हणून तर चिडतो. ज्याने ते केलं तो माणूस धुरात उभा राहून वेळ काढतोय आणि तुम्ही टाळ्या वाजवताय. पुढच्या वेळी टाळ्यांच्या मध्ये ओरडून विचारा, अल्बम कधी. मराठीत विचारलंत तरी चालेल.