पार्व्हो शिरला की निवाऱ्याचं दार बंद करावं का?

सुरंगी: आमच्या जवळच्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात ऐन आषाढात पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांच्या पिल्लांना मारणारा विषाणूचा आजार, शिरला. कुणीतरी खोक्यात घालून चार पिल्लं आणून दिली, अगदी खेळती. पाचव्या दिवशी एकाने खाणं सोडलं. मग उलट्या, रक्ताची हगवण. एकूण नऊ पिल्लं गेली. माझं मत ठाम आहे: पहिलं पिल्लू आजारी पडलं की 14 दिवस नवं कुत्रं आत घ्यायचं नाही. लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस जातात, कधी त्याहून जास्त, आणि विष्ठेतून विषाणू त्याआधीच पडू लागतो.

खाडीपलीकडचा: नाही पटत, ताई. दार लावलंत तर तीच पिल्लं मासळीबाजारात मरतील आणि रोग गावभर जाईल. खरी चूक लसीची. नसबंदीच्या वेळी रेबीजची सुई दिली की लसीकरण झालं असं आपण धरून चालतो. पार्व्हो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक विषाणूचा आजार) यांची लस दारातच टोचा.

सुरंगी: टोचायलाच हवी. पण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत पिल्लाला लस नीट लागू पडत नाही, म्हणून तर 16 आठवड्यांपर्यंत ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. मधल्या दिवसांत काय?

जांभ्याचं घर: जमिनीचं कुणीच बोलत नाही! आपल्याकडे निवारे जांभ्याचे. पार्व्हो महिनोन्महिने टिकतो, फिनेलला दाद देत नाही. विष्ठा साबणाने धुऊन काढायची, मग घरगुती ब्लीच 1 भाग, पाणी 30 भाग, आणि जागा 10 मिनिटं ओली ठेवायची. पण चिऱ्याच्या भोकांत ते पोचतं कुठे? मी स्वतः घासलंय. तासभर घासलं तरी तांबडं पाणी निघतच राहतं. पावसात ऊनही नाही. पंधराव्या दिवशी त्याच चिऱ्यावर नवं पिल्लू ठेवणार? आधी कोबा घाला, भिंतींना कमरेपर्यंत गिलावा करा.

खाडीपलीकडचा: हे माझ्या ध्यानात नव्हतं. पण कोब्याला पैसे जमेपर्यंत पिल्लं रस्त्यावर नकोत. माझ्या पडवीत दोन राहतील, घरात दुसरं कुत्रं नाही.

सुरंगी: चालेल, दादा. मी आमच्या वाडीत अशी आणखी घरं विचारते. पडवीतली चप्पल वेगळी ठेवा, तळव्याला लागूनही रोग जातो. आणि पिल्लू मलूल दिसलं तर थेट डॉक्टरांकडे न्या, निवाऱ्यात परत आणायचं नाही. यावर मी मागे हटणार नाही.