वल्हांडण की अनाशी ढाकायचा सण?

पाटीपेन्सिल

जाणकारांनो, अडलंय. जेरुसलेममधल्या एका ज्यू कुटुंबावरच्या माहितीपटाला मराठी उपशीर्षकं लिहायचं काम हातात आहे. वर्षभराचे सण, शनिवार, जेवणखाण, प्रार्थना असं सगळं त्यात येतं. ‘पेसाह’ला मी ‘वल्हांडण’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी समासात विचारलं, ‘होड्यांच्या शर्यतीचा सण आहे का?’ आधी हसू आलं, मग वाटलं की दहातल्या नऊ जणांना हेच वाटणार. त्याच बाईंनी ‘कोशेर’चं, म्हणजे ज्यूंच्या नियमांत बसणाऱ्या अन्नाचं, ‘सात्त्विक’ केलंय आणि ‘योम किप्पूर साजरा करतात’ असंही लिहिलंय. कुठे हरकत घ्यावी आणि कुठे गप्प बसावं?

गव्हाणी

वल्ह्याचा काही संबंध नाही. आमच्याकडे मराठी बायबल रोज वाचलं जायचं, त्यामुळे हा शब्द कानावर पडतच मोठी झाले. वलांडणे, ओलांडणे, वल्हांडणे हे सगळं एकच. लहानपणी मलाही वाटायचं की इस्राएल लोक तांबडा समुद्र वल्हवत पार करून गेले म्हणून वल्हांडण. पण गोष्ट समुद्राच्या आधीची आहे.

मिसर (इजिप्त) देशात गुलामगिरीत असलेल्या इस्राएल लोकांना सांगितलं होतं की कोकरू कापा आणि त्याचं रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावा. त्या रात्री मिसरातल्या प्रत्येक घरातला थोरला मुलगा मेला. रक्त लावलेली घरं मात्र देवाने ओलांडली. हिब्रूत ‘पासाह’ म्हणजे तसं ओलांडून, सोडून जाणं, आणि त्यावरून पेसाह. भाषांतर शब्दाला शब्द धरून केलेलं आहे.

जाता जाता, ‘कपाळपट्टी’ हा शब्द मला फार आवडतो. घराघरांत त्या लाकडाला गणेशपट्टी म्हणतात, पण इथे ते कसं चालणार!

चिंचोका

गव्हाणीताई, व्युत्पत्ती मान्य, पण अर्थात एक खोच आहे. मराठीत ओलांडायला काहीतरी पायाखालून जावं लागतं. उंबरठा, ओढा, फार तर मर्यादा. निजलेल्या मुलाला ओलांडू नये, ते वाढत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणजे आपल्या कानाला ‘ओलांडणं’ जरा अशुभाकडे झुकलेलं, आणि पेसाहच्या गोष्टीत ओलांडलं म्हणून पोर वाचलं! ‘घर सोडून पुढे गेला’ हे बोलीत बरोबर बसतं, पण त्यातून सणाचं नाव निघत नाही. तेव्हा ‘वल्हांडण’ राहू द्या आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्धं वाक्य खर्च करा.

‘साजरा’वर मात्र कडक हरकत घ्या. योम किप्पूर हा साधारण पंचवीस तासांचा निर्जळी उपास आहे. खाणंपिणं नाही, अंघोळ नाही, अंगाला तेल-अत्तर नाही, चामड्याची चप्पल नाही, नवराबायकोचा संबंध नाही. दिवसभर वर्षाच्या पापांची कबुली द्यायची. असा दिवस आपण ‘पाळतो’. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, तोही पाळतातच. मराठीत सण करतात, व्रत घेतात, उपास धरतात, सुतक पाळतात. ही क्रियापदं नेमकी आहेत, पण वर्तमानपत्रांनी सगळ्यांवर ‘साजरा’चं रोलर फिरवलंय.

अष्टागर

उशिरा येतोय. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, मूळ घर अलिबागकडचं. तुम्ही मंडळी बायबलातून आणि कोशातून शोधताय, पण या सगळ्याला आमच्या घरांत मराठी शब्द होते. आमच्या आजीला ‘वल्हांडण’ कळलं नसतं आणि ‘पेसाह’ ती क्वचितच म्हणायची. तिच्या तोंडी अनाशी ढाकायचा सण. ढाकणं म्हणजे झाकणं. अनाशी म्हणजे आंबवलेल्या आंबट पाण्याचं मडकं, जे कोकणात कालवणाला लागायचं. पेसाहच्या आठ दिवसांत घरात आंबलेलं, फुगलेलं काही ठेवायचं नसतं. मिसरातून निघताना कणीक फुगायला वेळच मिळाला नाही, ती आठवण. म्हणून मडक्यावर झाकण घालायचं आणि सण संपेपर्यंत हात लावायचा नाही.

बाकीची नावंही तशीच:

नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, वर्षाचा पहिला दिवस. त्याच महिन्यात खिरीचा सण. नव्या तांदळाची नारळाच्या रसातली गोड खीर करायची, ऊद जाळायचा आणि ‘शेमा’ ही प्रार्थना म्हणायची. योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, आणि दुसरा दिवस शिळा सण. आव महिन्याच्या नवमीला जेरुसलेमचं मंदिर पडलं, एकदा बाबिलोनच्या आणि एकदा रोमच्या हातून. त्या दिवसाचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा. आवच्या पहिल्या नऊ दिवसांत मटण-मासळी चुलीवर चढत नाही, म्हणून वालाचं बिरडं. पुरीमला होळीचा सण म्हणत, कारण दोन्ही पौर्णिमेच्या आसपास, बहुतेक वर्षी एकाच वेळी. एलूल महिन्यातल्या उपासांना तर सरळ ‘रमजान’!

हनुकाला, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाला, मात्र आमच्यात जुनं मराठी नावच नाही. जाणती माणसं सांगायची, पूर्वज देश सोडून निघाले तेव्हा हनुकाची गोष्ट घडलीच नव्हती. नवगावच्या किनाऱ्याजवळ तारू फुटलं आणि सात जोडपी वाचली ही आमची मूळकथा. तिला तारीख लावायला हा शब्दांतला खड्डा पुरावा म्हणून दाखवतात. मला स्वतःला तो पुरावा तोकडा वाटतो, पण कथा सोडवत नाही.

चिंचोका

अष्टागरदादा, हे सोनं आहे! नावांची घडण बघा. बायबलातल्या मराठीत ‘प्रायश्चित्ताचा दिवस’, ‘बेखमीर भाकरीचा सण’. तिथे नावात अर्थ सांगितलाय. तुमच्या नावांत हाताने काय केलं तेवढंच आहे: मडकं झाकलं, खीर केली, बिरडं खाल्लं. नाव ठेवणारी स्वयंपाकघरातली बाई असणार.

आणि हे यहूदी धर्माच्या चालीला धरूनच आहे. त्यांच्यात भर ‘मानण्या’पेक्षा ‘करण्या’वर. बाराव्या शतकात मैमोनिदेस या ज्यू पंडिताने श्रद्धेची तेरा कलमं मांडली खरी: देव एकच आहे, त्याला शरीर नाही, तोरा (धर्मग्रंथ) त्याने दिली, मसीहा येणार, मेलेले उठणार वगैरे. पण रोजचा हिशेब चालतो तो मित्झवांचा, म्हणजे आज्ञांचा. त्या ६१३. त्यातल्या २४८ ‘कर’ म्हणणाऱ्या, ३६५ ‘करू नको’ म्हणणाऱ्या. हिब्रूत आज ‘धर्म’ या अर्थी वापरतात तो ‘दात’ हा शब्दही मूळचा फारसीकडचा, आणि त्याचा जुना अर्थ कायदा, फर्मान.

पाटीपेन्सिल

दारफळणी म्हणजे? दुकानाच्या फळ्या लावतात तसं काही?

अष्टागर

दारं बंद करण्याचा सण, एवढं नक्की. ‘फळणी’ फळीवरून आलं असावं हा तुमच्यासारखाच माझाही अंदाज, पैज लावणार नाही. जुन्या काळी त्या दिवशी घरची मंडळी अंघोळी उरकून, पांढरे कपडे घालून, आदल्या संध्याकाळपासून दारं लावून आत बसत. कोणाला शिवायचं नाही, बाहेरच्याशी बोलायचं नाही.

आता गंमत ऐका. योम किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेचं हिब्रू नाव ‘नेइला’. अर्थ: कुलूप लागणं, दरवाजे बंद होणं. स्वर्गाची दारं मिटत आली, आता शेवटचं मागून घ्या, असा भाव. मग शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकतात आणि उपास सुटतो. त्यांच्या प्रार्थनेत दार वर आकाशात, आमच्यात खाली ओटीवर.

शिळ्या सणाला लोक एकमेकांकडे जात, गरिबांना वाटत. माणसाने माणसाचा केलेला गुन्हा योम किप्पूरच्या उपासाने धुतला जात नाही, ज्याचं बिघडवलं त्याच्याकडेच आधी जावं लागतं. हे शास्त्रात आहे. आमच्या घरी त्याचा अर्थ, दारफळणीच्या आदल्या आठवड्यात आजोबा ज्या चुलतभावाशी बांधावरून बोलत नव्हते त्यांच्या ओसरीवर जाऊन चहा पिऊन येत. पुढच्या आठवड्यात पुन्हा अबोला!

गव्हाणी

दारावरून आठवलं. मी वर ‘बाह्या’ लिहिलं ना, तिथे मूळ हिब्रूत ‘मेझुझा’ हाच शब्द आहे. आज ज्यू घरांच्या चौकटीवर जी छोटी डबी ठोकलेली असते तिलाही मेझुझा म्हणतात. म्हणजे डबीला मिळालं लाकडाचं नाव.

अष्टागर

अगदी. दारातून आत जाताना उजव्या हाताला. आत चर्मपत्राची गुंडाळी, त्यावर शेमा: ‘हे इस्राएला, ऐक, आपला देव परमेश्वर एकच परमेश्वर आहे.’ आमच्या जुन्या घराची डबी पितळेची होती. येता-जाता बोटं टेकवून ओठांना लावायची सवय, त्यामुळे मधला भाग घासून पिवळाधमक आणि कडा काळ्या. मी लहान, हात पोचायचा नाही, म्हणून उचलून लावायला लागायचं. शेमा म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकायचे. आमच्या पूर्वजांना बाकी हिब्रू विसरायला झालं तरी एवढी ओळ तोंडात राहिली होती. जन्म, सुंता, लग्न, मरण, सगळीकडे तीच.

पाटीपेन्सिल, एक विनंती. देवाचं चार अक्षरी नाव ज्यू उच्चारत नाहीत. वाचताना ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा स्वामी’, आणि बोलताना ‘हाशेम’, म्हणजे नुसतं ‘ते नाव’. उपशीर्षकात ‘यहोवा’ लिहू नका, ‘परमेश्वर’ लिहा. नवऱ्याचं नाव न घेता ‘हे’ आणि ‘इकडून’ म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे समजवावं लागलं नसतं.

भाकरतुकडा

कोशेर राहिलं की. ‘सात्त्विक’ साफ चूक. मटण कोशेर असू शकतं आणि कांदालसणाचं तर काहीच नाही. शब्दाचा अर्थ ‘योग्य’. खूर दुभंगलेला आणि रवंथ करणारा प्राणी चालतो, माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत, रक्त काढून टाकायचं, मांस आणि दूध एकत्र नाही.

अष्टागर

‘चालतो’ म्हणालात ना, तेच भाषांतर! ‘आमच्यात चालत नाही.’ याहून चांगलं मराठी कोशेरला नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर, कोळणीच्या पाटीत कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या, आणि आई त्यावरून हात फिरवून पापलेट उचलायची. कोळणीला ठाऊक असायचं, ती स्वतःच म्हणायची, ‘इस्रायलाला मुशी नाय चालाची.’ मटणाला दही-तूप लावायचं नाही, म्हणून आमचं कालवण नारळाच्या दुधातलं. ते दूध चालतं, गाईचं नाही!

चिंचोका

शनिवार तेली हाही शब्द नोंदवा, माहितीपटात नसला तरी. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा जुंपत नसत, म्हणून गावाने ठेवलेलं नाव. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली वेगळे. ‘शब्बाथ’चा धातू ‘थांबणे’ असाच आहे. शब्बाथला वर्ज्य कामांचे ३९ मूळ प्रकार मोजतात. त्यातल्या मळणीच्या प्रकारात पिळून रस किंवा तेल काढणंही येतं. म्हणजे घाणा बंद ही नुसती साप्ताहिक सुट्टी नव्हती, नेमकं तेच काम मना होतं. फक्त दिवस शुक्रवारी सूर्य मावळताच सुरू होतो, हे उपशीर्षकात सांभाळा, नाहीतर ‘शुक्रवारी रात्री शनिवार कसा’ म्हणून बाई पुन्हा लाल शाई काढतील.

भाकरतुकडा

आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ? पुण्यात मी लहानपणापासून ‘लाल देऊळ’ ऐकतोय, रिक्षावाल्याला तेच सांगायचं. डेव्हिड ससूनने बांधलेलं, १८६७ चं.

अष्टागर

पुण्यात देऊळ, मुंबईत मशीद. मांडवीचं ‘शारे राहमीम’ १७९६ चं, सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं, आणि त्याला लोक जुनी मशीद म्हणत. मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. आमचे काजी, रोजा, उरूस हे शब्दही शेजारच्या मुसलमानांकडून आलेले. ‘सभास्थान’ फक्त छापील. घरात कोणी म्हटल्याचं आठवत नाही.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: पेसाह ‘पेसाह’च ठेवते, पहिल्यांदा ‘वल्हांडणाचा सण’ जोडते. योम किप्पूर ‘पाळतात’. कोशेर जिथे संवादात आहे तिथे ‘चालतं’. अनाशी मात्र जेरुसलेमच्या बाईच्या तोंडी घालता येणार नाही, तिच्याकडे ते मडकंच नाही. वाईट वाटतंय.

शेवटचा प्रश्न, आगाऊ वाटला तर माफ करा. बेने इस्राएलांचा ‘मलिदा’ वाचनात आला. हा आपला मलिदा लाटणारा मलिदाच का?

अष्टागर

तोच शब्द, फारसीतला, ‘चोळलेलं, कुस्करलेलं’. लाटणारे नंतर आले. आमचा मलिदा एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या नावाने. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदामाचे काप यांचा ताटात डोंगर, भोवती फळं, वर सब्जाची हिरवी डहाळी. आधी वासाचा आशीर्वाद म्हणायचा, मग एकेका प्रकारच्या खाण्याचा. खजुराचा आशीर्वाद ‘झाडाचं फळ’ म्हणून, केळ्याचा मात्र ‘जमिनीचं फळ’ म्हणून, कारण केळ हे झाड धरतच नाहीत, दरसाल खालून नवं उगवतं. दहा वर्षांचा असताना मी खजुराचा आशीर्वाद म्हणून केळं उचललं होतं. काकांनी हातातून काढून घेतलं, परत ताटात ठेवलं आणि म्हणाले, पहिल्यापासून म्हण.