आईला अल्झायमर: आम्ही भावंडांनी जनुकीय चाचणी करावी का?

गिरगावकर
आईला ७६व्या वर्षी अल्झायमरचं निदान झालं; विसरणं दोनेक वर्षं आधीपासून. आम्ही दोघं भावंडं पन्नाशीच्या आसपास. मी बँकेत, भाऊ सातवीनंतर शाळा सोडून भिवंडीत पॉवरलूमवर, त्याला बीपी आहे, कमी ऐकू येतं. लॅबवाले एपीओई (अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेलं एक जनुक) चाचणी सुचवतात. करावी का? धोका दोघांना सारखाच का?

न्यूरो_परळ
आधी आजार सुरू झाला ते वय बघा. पन्नाशी-साठीच्या आत आणि पिढ्यानपिढ्या आजार दिसत असेल तर पीएसईएन१, पीएसईएन२, एपीपी या जनुकांचा संशय येतो. त्यातला दोष प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के. असे रुग्ण एकूणात १ टक्काही नसतात. तुमच्या घरचं चित्र तसं नाही.

एपीओईचं ई४ रूप एका पालकाकडून आलं तर धोका साधारण दोन ते चार पट, दोघांकडून आलं तर आठ पटींच्या वर. पण हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरचे, ते आपल्याला जसेच्या तसे लावू नका. ई४ असूनही आजार न होणारे आहेत, नसताना होणारेही भरपूर. रिपोर्ट काहीही आला तरी तुमचे उपचार बदलत नाहीत, मग कशाला करायची? आईला मेंदूत साठलेलं अमायलॉइड हे प्रथिन काढणारी नवी इंजेक्शनं द्यायचा विचार असेल तर मात्र तिची चाचणी हवीच. ई४ दुहेरी असेल तर त्या औषधांनी मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कानमंत्र
ते पैसे भावाच्या कानांवर खर्च करा. डिमेन्शियावरच्या (अल्झायमरसारखे स्मृतिभ्रंशाचे आजार) २०२४च्या लॅन्सेट आयोगाने धोक्याचे बदलता येणारे १४ घटक धरले, सगळे मिळून डिमेन्शियाच्या सुमारे ४५ टक्के रुग्णांमागे. त्यात श्रवणदोष आणि वाढलेलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) प्रत्येकी ७ टक्के, कमी शिक्षण ५ टक्के. शाळा सुटली, गोंगाटातली नोकरी आली, बीपी लागला. दोघांतला फरक बराचसा इथे आहे.

वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग या श्रवणदोषांसाठीच्या संस्थेत ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) होते. कामाची पाळी संपवून थेट जाऊ नका. १४-१६ तास गोंगाटापासून लांब राहून जा, नाहीतर तात्पुरता बधिरपणा कायमचा म्हणून नोंदला जातो. कानातला मळ आधी काढून घ्या. कानाचं मशीन घेतल्यावर पहिल्याच दिवशी दिवसभर लावलं की भांड्यांचा आवाजसुद्धा डोक्यात जातो आणि ते कपाटात जाऊन पडतं. शांत खोलीत तास-दोन तासांनी सुरुवात करायची, दोन-तीन आठवड्यांनी सेटिंग बदलून घ्यायला जायचंच.

न्यूरो_परळ
सहमत, पण ते ४५ टक्के लोकसंख्येचे आहेत, एकट्या माणसाचे नव्हेत. आणि मशीन लावलं म्हणजे डिमेन्शिया टळला, असंही नाही. श्रवणयंत्रांवरच्या २०२३च्या अचीव्ह अभ्यासात तीन वर्षांनी सरसकट फायदा दिसला नाही. मुळात धोका जास्त असलेल्या गटात मात्र आकलनाची घसरण ४८ टक्के कमी होती.

गिरगावकर
भावाची स्मरणशक्तीची चाचणी आताच करून घेऊ?

न्यूरो_परळ
तक्रार नसेल तर नको. पुढे लागलीच तर गुण शिक्षण बघून वाचायला सांगा. शंभरातून सात-सात वजा करायला लावणारी एमएमएसई ही स्मरणशक्तीची चाचणी कमी शिकलेल्याला विनाकारण नापास करते. आत्ता बीपी धरा: वरचा आकडा १३०च्या आत. पाच मिनिटं टेकून बसून, हात छातीच्या पातळीवर, मिनिटभराने दुसऱ्यांदा. आईची बी१२ (जीवनसत्त्व) आणि टीएसएच (थायरॉइड) या रक्ततपासण्या झाल्या नसतील तर तेही उरकून घ्या.