शब्दचर्चा : गाडी लागते, घाट लागतो, भूक लागते – लांबच्या प्रवासातलं ‘लागणे’

धुळाक्षर
परदेशातल्या मराठी शाळेत येणाऱ्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी गाडीतल्या गप्पांवर एक धडा बेतायचा आहे. प्रसंग साधा. पुण्याहून निपाणी-आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीला निघालेली गाडी, पुढे आई-बाबा, मागे मुलगी. कच्चा मसुदा असा :

– बाबा, अजून किती वेळ लागेल?
– आत्ताशी हायवेला लागलोय. आता खंबाटकी लागेल.
– मला घाटात गाडी लागते.
– मग समोर लांब बघ. मोबाइल ठेव खाली.
– आई, भूक पण लागलीय.
– सुरूर फाट्याला थांबू. बाबांना तिथे चहा लागतोच.
– ए, पाऊस पडायला लागला!
– काच वर घे. आता सावकाश जावं लागणार.

आठ ओळींत ‘लागणे’ आठ वेळा आलं. मुद्दाम पेरलेलं नाही, लिहिता लिहिता आलं. शब्दकोशातली अर्थांची यादी मुलांपुढे टाकली तर ती बावचळतील. शिकवायचं कुठून? आणि मुलं नेमकी कुठे चुकतात?

उंबरठा
अर्थांपासून सुरुवात करू नका, ‘ला’पासून करा. मुलांची सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘मी गाडी लागलो’ किंवा ‘मी भूक लागली’. घरात दुसरी भाषा जास्त चालत असेल तर ‘मी’ने वाक्य सुरू करायची सवय असते. इथे ती चालत नाही. ज्याच्यावर येऊन आदळतं त्याला ‘ला’ : मला गाडी लागते, मला भूक लागते, आईला झोप लागली.

पण लगेच उलट उदाहरण द्या, नाहीतर मुलं सगळीकडे ‘मला’ लावत सुटतात. ‘आपण हायवेला लागलो’ यात ‘ला’ हायवेला गेला, कारण जाऊन चिकटणारे आपण आहोत. ‘आपल्याला हायवे लागला’ म्हटलं की अर्थ बदलतो. पहिल्या वाक्यात आपण ठरवून हायवेवर चढलो. दुसऱ्यात गावातल्या रस्त्याने जाता जाता हायवे समोर आला. ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की अर्धं काम झालं. ‘मी कामाला लागलो’ आणि ‘मला काम लागलं’ ही जोडीही याच चालीची.

फलाट_पाच
‘गाडी लागणे’ एकट्याचाच धडा होईल. गाडीत बसल्या बसल्या त्याचे किमान चार अर्थ निघतात.

‘मला गाडी लागते’ : मळमळ, उलटी.
‘कोल्हापूरची गाडी लागली’ : एसटी स्थानकात गाडी फलाटावर येऊन उभी राहिली, पिशव्या उचला.
‘गतिरोधकावर गाडी खाली लागते’ : गाडीचं पोट जमिनीला घासतं. माणसं आणि सामान भरून निघालेल्या छोट्या गाडीचं हमखास होतं, कारण वजनाने मागची बाजू खाली बसते.
‘गाडी कुठे लागलीय?’ : कुठे उभी केली आहे. इथे खरं तर ‘लावली’ जास्त ऐकू येतं.

पहिल्या अर्थात ‘मला/तुला/हिला’ आल्याशिवाय भागत नाही. नुसतं ‘गाडी लागली’ ऐकलं तर एसटीचा प्रवासी फलाटाकडे धावेल आणि आई पिशवी शोधेल.

सुपारीफूल
मळमळीचा अर्थ ‘लागणे’त आला कुठून, हे मुलांना सांगता येतं, आणि सांगावंच. बाहेरची एखादी गोष्ट अंगाला बाधते तेव्हा मराठीत ती ‘लागते’. ऊन लागतं. कच्ची सुपारी खाऊन गरगरलं की सुपारी लागते. समुद्रावर बोट लागते. गाडी त्याच रांगेतली, फक्त उशिरा आलेली. कोकणात बोटीने जाणं-येणं होतं तेव्हापासून ‘बोट लागणे’ रुळलेलं आहे, आणि तिथेही हाच दुहेरीपणा : ‘बोट धक्क्याला लागली’ आणि ‘मला बोट लागली’. वर लिंगाचीही गंमत आहे. ‘बोट लागली’ म्हणजे जहाज, ‘बोट लागलं’ म्हणजे हाताचं बोट कशाला तरी टेकलं.

भूक, तहान, झोप, उचकी, धाप हीसुद्धा लागतात, पण ती आतून येतात. मुलांना दोन खोकी करून द्या, आतून लागणारं आणि बाहेरून लागणारं. वाक्याची घडण दोन्हीकडे एकच राहते, म्हणून पाठ करायला सोपं जातं.

धुळाक्षर
‘प्रवासी मळमळ’ असा शब्द एका पाठ्यपुस्तकी मसुद्यात दिसला. तो घ्यावा का?

सुपारीफूल
औषधाच्या पत्रकात शोभेल. गाडीत कुठलं मूल ‘आई, मला प्रवासी मळमळ होत आहे’ म्हणेल? ‘मळमळतंय’ मात्र जरूर शिकवा. ‘गाडी लागते’ हे स्वभावाचं वर्णन आहे, ‘मळमळतंय’ ही आत्ताची सूचना. गाडी चालवणाऱ्याला दुसरीच हवी असते. तिसरी पायरी ‘होतंय की काय!’ ती शिकवावी लागत नाही.

तुमच्या संवादातला ‘समोर लांब बघ’ हा सल्ला बरोबर आहे, त्याचं कारणही एका ओळीत घाला. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग ‘आपण हलतोय, वळतोय’ म्हणून सांगतो. पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये खुपसलेले डोळे ‘सगळं स्थिर आहे’ म्हणतात. दोघांचं जुळत नाही आणि पोट बिघडतं. म्हणून लांबचा डोंगर बघायचा, जवळचा कठडा नाही. निघताना पोट तुडुंब भरलेलं नको, अगदी रिकामंही नको. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती घाट लागण्याआधी घ्यावी लागते. लागल्यावर घेतली तर बहुधा उलटीबरोबर बाहेर पडते. बघा, या दोन वाक्यांत ‘लागणे’ तीन प्रकारे आलं.

सुरूरकर
गावांबद्दल. ‘सातारा लागतो’, ‘सातारा आला’, ‘साताऱ्याला पोचलो’ आणि ‘सातारा गाठला’ हे चारही एकच म्हणून शिकवू नका.

लागणे वाटेतल्या ठिकाणाला. पुण्याहून कोल्हापूरला जाताना शिरवळ लागतं, खंबाटकी घाट लागतो, सातारा लागतो, कराड लागतं, पेठ नाका लागतो. कोल्हापूर मात्र ‘येतं’, कारण जायचंच तिथे आहे. तीच गाडी पुढे निपाणीला निघाली असेल तर कोल्हापूरही ‘लागतं’. म्हणजे क्रियापद गावावर नाही, आपण कुठे निघालोय त्यावर ठरतं.

पोचणेचा कर्ता प्रवासी. गाठणेमध्ये धडपड किंवा वेळेची शर्यत हवी : ‘अंधाराच्या आत आंबोली गाठायची.’

गावाचं लिंगही इथेच पक्कं होतं. सातारा लागला, कराड लागलं, निपाणी लागली, घाट लागला, खिंड लागली. खिडकीतून पाट्या वाचत म्हणायला लावा, आपोआप बसतं.

दिशेचा सराव हवा असेल तर खंबाटकीसारखं उदाहरण नाही. तिथे वर्षानुवर्षं साताऱ्याकडे जाताना घाट लागत आला आणि पुण्याकडे येताना बोगदा. नवे जुळे बोगदे हे वाक्य जुनं करणार, पण व्याकरण शिकवायला ते झकास आहे.

फलाट_पाच
थोडा मतभेद. शेवटच्या मुक्कामालाही ‘लागणे’ चालतं, पण तेव्हा अर्थ ‘हद्द सुरू झाली’ असा होतो. परतीच्या वाटेवर कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर ‘पुणं लागलं, घर यायला अजून तास आहे’ हे वाक्य अगदी शुद्ध आहे.

सुरूरकर
मान्य. शहर लागतं, घर येतं. ‘घर लागलं’ कुणी म्हणत नाही.

उंबरठा
आता मसुद्यातल्या शेवटच्या दोन ओळी. ‘पडायला लागला’ आणि ‘जावं लागणार’ इथे ‘लागणे’ दुसऱ्या क्रियापदाचं शेपूट झालं आहे.

‘-ऊ लागणे’ किंवा ‘-आयला लागणे’ म्हणजे सुरू होणे. ‘पडू लागला’ लिहिण्यात जास्त, ‘पडायला लागला’ बोलण्यात. ‘-आवं लागणे’ म्हणजे करणं भाग पडणे. खरी फसगत पुढे आहे. बोलताना भाग पडण्यासाठीसुद्धा ‘-आयला’ सर्रास वापरतात. मग फरक कशाने कळतो? पुन्हा त्याच ‘ला’ने :

बाबा थांबायला लागले. (थांबू लागले, प्रत्येक टपरीवर)
बाबांना थांबायला लागलं. (थांबणं भाग पडलं, पुढे रस्ता बंद)

दुसरी अडचण क्रियापदाच्या रूपाची. ‘-आवं लागणे’मध्ये ते करणाऱ्याप्रमाणे चालत नाही, ज्याचं काही करायचं त्याच्याप्रमाणे चालतं. बाबांना टायर बदलावा लागला. बाबांना चाक बदलावं लागलं. बाबांना स्टेपनी काढावी लागली. बदलायला काही नसेल तर सरळ नपुंसकलिंगी एकवचन : आईला थांबावं लागलं, मुलांना उतरावं लागलं. ‘मी जावं लागेल’ ही चूक ‘मी जायला हवं’मधून घसरून येते. तिथे ‘मी’ बरोबर आहे, इथे ‘मला’च.

सुपारीफूल
गाडीतलं सर्वांत निकडीचं वाक्य तुमच्या मसुद्यात नाही. ‘मला शू लागलीय.’ लाजून गाळू नका, मुलांना पहिल्या तासाला हेच लागणार आहे.

त्यातही एक बारकावा, जो मराठी घरात कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना कळतो. नाम गाळून नुसतं म्हटलं तर :

‘आई, मला लागलं!’ म्हणजे मार बसला. मलमपट्टी काढा.
‘आई, मला लागलीय!’ म्हणजे गाडी बाजूला घ्या.

शू आणि शी दोन्ही स्त्रीलिंगी, म्हणून ‘लागली’. शब्द न उच्चारता सगळा निरोप त्या एका ईकारात. भूक आणि तहानही स्त्रीलिंगीच, पण त्यांना असं गाळता येत नाही, नाव घ्यावं लागतं. गाडीलाही तेच.

सुरूरकर
चहाचं राहिलं. ‘बाबांना चहा लागतो’ म्हणजे नेहमीची गरज, त्याशिवाय चालत नाही. ‘बाबांना चहा हवाय’ म्हणजे आत्ता. हॉटेलात वेटर ‘आणखी काही लागेल?’ विचारतो, त्याला मूल ‘मला डोसा लागतो’ म्हणालं तर मराठी कळेल, पण रोजची सवय सांगितल्यासारखं वाटेल. ‘मला डोसा हवाय’ शिकवा.

आणि ‘वाट लागणे’. मुलं ते बाहेरून उचलतातच, तेव्हा तीन वेगळ्या चाली एकदा दाखवून टाका. ‘वाटेला लागणे’ म्हणजे निघणे. ‘कुणाच्या वाटेला जाणे’ म्हणजे उगाच डिवचणे. ‘गाडीची वाट लागली’ म्हणजे बट्ट्याबोळ, आणि यात ‘ला’ नाही, ‘ची’ आहे. आजोबांसमोर पहिलीच वापरावी.

धुळाक्षर
क्रम आता असा लावतो : आधी मला/आपण ही जोडी, मग आतून-बाहेरून, मग गावं, शेवटी शेपटं. ‘शू’ पहिल्या ओळीत. एकच राहिलं. ‘अजून किती वेळ लागेल?’ याला बाबांचं उत्तर काय लिहू? ‘आत्ताशी हायवेला लागलोय’ हे सुरुवातीचं झालं. नंतर मुलगी दर वीस मिनिटांनी विचारणार.

फलाट_पाच
उत्तरांनाही उतरंड आहे. ‘लागेल आता’ यात काहीच कबूल केलेलं नसतं, ते चाळीस किलोमीटर आधीही चालतं. ‘येईलच’ म्हणजे निम्म्याहून जास्त झालं. ‘आलंच’ म्हणजे पाट्यांवर गावाचं नाव एक आकडी किलोमीटरनं दिसतंय. भूतकाळ वापरून भविष्य सांगितलेलं आहे हे मुलांच्या लक्षात आणून द्या, फार आवडतं त्यांना. मात्र आंबोली उतरायच्या आत बाबांच्या तोंडी ‘आलंच’ घालू नका. तिथून सावंतवाडी अजून तीसेक किलोमीटर आहे, त्यात अख्खा घाट उतरायचा, आणि तुमच्या मुलीला गाडी लागते.